किल्लारी, पायली आणि दहाचा घात : मराठवाड्याच्या मापांची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.)

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली-नांदेड-परभणीकडं जमीन हलली. ४.५ रिश्टर. त्याच वर्षी मार्चमध्येही ४.५ चा धक्का बसला होता. तासाभरात मोबाईलवर मेसेज फिरायला लागले : "किल्लारीला ६.२ होता, आता ४.५ आला, म्हणजे पाऊणपट किल्लारी!" लोकांनी लेकरं उचलून अंगणात आणली. काहींनी त्या रात्री घरात झोपायचं टाळलं.

पाऊणपट हा हिशेब भागाकार म्हणून बरोबर आहे. ४.५ भागिले ६.२ म्हणजे पाऊणच्या जवळपास. पण भूकंपाची मोजपट्टी अशी चालत नाही. तिची एक पायरी म्हणजे हादऱ्याची उंची दहापट, आणि ऊर्जा साधारण बत्तीसपट. दोन पायऱ्या म्हणजे ऊर्जा हजारपट. ४.५ आणि ६.२ मध्ये १.७ पायऱ्यांचं अंतर आहे, म्हणजे किल्लारीची ऊर्जा या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशेपट होती. पाऊणपट कुठं आणि साडेतीनशेवा हिस्सा कुठं!

यावर "लोकांना विज्ञान कळत नाही" असं म्हणणारे शहाणे लगेच निघतात. मी नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि मला हे वाक्य कधी पटलं नाही. आपल्या भागातल्या माणसानं मोजमापाच्या बाबतीत जेवढं सोसलंय आणि जेवढं शिकून घेतलंय, तेवढं महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. ती हकीकत नीट मांडावी म्हणून हे लिहितोय.

समजा एखादा मुलगा १९४५ च्या सुमारास नांदेडला किंवा लातूरला माध्यमिक शाळेत जात होता. राज्य निजामाचं. वरच्या वर्गांची भाषा उर्दू, कारण पुढं उस्मानिया विद्यापीठ, आणि ते १९१८ पासून उर्दूत शिकवणारं. शाळेतल्या कागदावर तारीख फसली सनाची, महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार. खिशात पैसा हाली सिक्का. शेजारच्या सोलापुरात, म्हणजे इंग्रजी मुलखात, जायचं तर कलदार रुपया लागायचा, आणि भाव होता सात हालीला सहा कलदार. म्हणजे शंभर कलदार रुपयांसाठी एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. हा हिशेब साधे व्यापारी तोंडी करायचे.

आता याच मुलाचं पुढचं वय बघा. १७ सप्टेंबर १९४८, निजाम शरण. शाळेची भाषा बदलली. फसली सन मागं पडला. हाली सिक्का १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्यानं बाद झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच मोडलं आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला वजनमापांच्या मेट्रिक कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. १ एप्रिल १९५७, नवा पैसा. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक ठिकाणी आणि धंद्यांत किलोग्रॅम. १ मे १९६०, महाराष्ट्र. एप्रिल १९६२, शेर-मण कायद्यानं बंद.

म्हणजे पंधरा-सोळा वर्षांत एका माणसाचं राज्य तीनदा बदललं. भाषा, सन, नाणं (तेही दोनदा) आणि वजनमाप, सगळं बदललं. पुण्या-सातारच्या माणसाला यातले फक्त शेवटचे दोन-तीन बदल सोसावे लागले. आपल्याकडच्या पिढीनं हे सगळं केलं आणि त्याबद्दल कुठं बोलूनही दाखवलं नाही. मुक्तिसंग्रामावर आपण भाषणं करतो ते योग्यच आहे, पण त्या पिढीनं बाजारात रोज जी परीक्षा दिली तिच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही.

जुनी मापं काय होती? धान्याला वजन नव्हतंच, माप होतं. दोन निठवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पुढं सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. गावागावात यात फरक. वजनाचा शेर वेगळा : पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर. (लातूरच्या गंजगोलाईला रस्तेही सोळाच मिळतात. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.)

हे सोळा उगीच नव्हते. अर्धं करत गेलं की सोळाचे आठ, चार, दोन, एक. हातानं ढीग अर्धा करता येतो, दहावा हिस्सा करता येत नाही. म्हणून शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घ्यायचे. तेरा औट साडेपंचेचाळीस! आणि त्यावर बाजाराच्या युक्त्या बसवलेल्या. जितके रुपये शेर, तितकेच आणे छटाक. जितके रुपये मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर. करून बघा, चुकत नाही. चाळीस शेर भागिले सोळा आणे म्हणजे अडीच, एवढंच त्यातलं रहस्य. सही करता न येणारा माणूस या जोरावर आडत्याच्या तोंडावर हिशेब फेकायचा.

त्यामुळं दशमान आलं तेव्हा फक्त फायदा झाला, असं मी म्हणणार नाही. लोकांच्या डोक्यातलं एक चालतं यंत्र एका झटक्यात बाद झालं. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वाचं नाणं नाही, म्हणून एक आण्याला ६, दोन आण्याला १२, तीन आण्याला १९ आणि चार आण्याला २५, असा सरकारी तक्ता. एकेक आण्याच्या दोन वस्तू वेगळ्या घेतल्या तरी १२ आणि एकत्र घेतल्या तरी १२, पण तीन वेगळ्या घेतल्या तर १८ आणि एकत्र घेतल्या तर १९. हा एक पैसा कुणाचा, यावरून तेव्हा दुकानादुकानांत किती वाद झाले असतील त्याची कल्पना करा. वजनात तसंच. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणजे किलो हा शेरापेक्षा जवळपास सहा तोळ्यांनी जड. भाव शेराचाच ठेवून किलो दिला तर दुकानदार बुडणार, आणि किलोचा भाव लावून शेराचं वजन टाकलं तर गिऱ्हाईक. कुणी कुणाला बुडवलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पण एक फायदा असा झाला की त्यापुढं हा सगळा त्रास मला लहान वाटतो. पायली हे माप आहे, वजन नाही. आणि माप शिगोशीग भरता येतं किंवा हातानं सपाट करता येतं. सालगड्याला, बलुतेदाराला, खुरपणीच्या बाईला धान्य द्यायचं तेव्हा माप सपाट, आणि उसनं दिलेलं परत घ्यायचं तेव्हा शीग लावून. वर माप दाबून भरलं की सैल ओतलं हाही फरक असायचाच. कोणत्याही गावातल्या सत्तरीच्या पुढच्या मजूर बाईला विचारा, ती माप भरणाऱ्याचा हात कसा फिरायचा ते करून दाखवेल. काट्यावर शीग चालत नाही. काट्यातही खोट करता येते, पण त्या खोटीला कायदा आहे, शिक्का मारलेलं वजन आहे, निरीक्षक आहे. शिगेला कोणताच कायदा नव्हता, ती रीत होती. मेट्रिक म्हणजे साहेबी खूळ असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांनी हा एक मुद्दा ध्यानात घ्यावा. १९५६ च्या कायद्यानं धान्याचं 'माप' जाऊन 'वजन' आलं, आणि त्यात ज्यांची सुटका झाली त्यांना दहाच्या पटीचं काहीही पडलेलं नव्हतं.

तसं पाहिलं तर मीटर मराठवाड्यात किलोच्या खूप आधी आला होता, आणि तोही रुळावरून. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारला हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायची होती. १८७१ च्या कायद्यात तर शेर म्हणजे बरोबर एक किलो असंच धरलं होतं. मेयोचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला आणि कायदा कागदावरच राहिला. पण त्याच हवेत ठरलेली रेल्वेची मीटरगेज मात्र राहिली. १९०० च्या आसपास मनमाडहून सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची लाईन नांदेडवरून गेली ती मीटरगेज, दोन रुळांत बरोबर एक मीटर. तिकडं लातूरला १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे आली ती अडीच फुटी. एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला फूट. आमच्याकडची म्हातारी माणसं 'मीटरगेज' हा शब्द सहज बोलायची, पण मीटर म्हणजे काय हे त्यांना साठ वर्षांनी कापडाच्या दुकानात कळलं.

जुनी मापं गेली का? नावं राहिली, आतला माल बदलला. सोन्याचा तोळा घ्या. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. आजीच्या याददाश्तीत लिहिलेले 'पाच तोळे' म्हणजे ५८ ग्रॅम, आजच्या भाषेत जवळपास पावणेसहा तोळे. वाटणीच्या वेळी भावाबहिणींत यावरून वाजलेलं मी पाहिलंय, आणि दोन्ही बाजू आपापल्या तोळ्यानं खऱ्या होत्या.

कापसाचं त्याहून अवघड. शेतकरी कापूस विकतो क्विंटलनं, आणि टीव्हीवर रुईचा भाव सांगतात खंडीचा. ही खंडी आपली वीस मणांची नव्हे. ही जुनी मुंबईची, ७८४ पौंडांची, म्हणजे ३५६ किलोची. वर गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, उरलेली सरकी. म्हणजे खंडीभर रुईला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो, आणि सरकीचे पैसे वेगळे. हा हिशेब जिनिंगवाल्याला झोपेतही येतो. शेतकऱ्याला मात्र बातमीतल्या खंडीवरून आपला क्विंटलचा भाव काढता येत नाही, कारण ते त्याला कुणी शिकवलेलंच नाही. दीडशे वर्षं जुनं माप बाजारात का टिकून आहे, याचं उत्तर माझ्या मते इथंच आहे. ज्याला ते कळतं त्याचा त्यात फायदा आहे.

जमिनीचं तर प्रत्येक घरातलं दुखणं. जुन्या खासरा पाहणीत एकर-गुंठे. आता सातबाऱ्यावर हेक्टर-आर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोघं इतके जवळ की गावात सगळे आर म्हणजे गुंठाच समजतात, आणि 'चाळीस आर म्हणजे एकर' असं सरळ धरतात. एका एकरात अर्ध्या आरचा फरक पडतो, कुणी बघत नाही. दहा एकरांत तो साडेचार आरच्या पुढं जातो. पिकाच्या जमिनीत ठीक आहे, पण रस्त्याच्या कडेला साडेचार गुंठ्यांना काय भाव येतो ते लातूर-नांदेडच्या लोकांना मी सांगायला नको. त्यात ०.८० आणि ०.०८ ची चूक. पहिलं दोन एकरांच्या आतबाहेर, दुसरं आठ गुंठे. दशांश चिन्हानंतरचं एक शून्य म्हणजे दहापट जमीन. वर्गात दशांश शिकवताना मी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवून लेकरांना घरून सातबाऱ्याची झेरॉक्स आणायला सांगायचो. दशांश इतक्या लक्ष देऊन शिकलेली मुलं मी दुसऱ्या कशानं पाहिली नाहीत.

आता दहाच्या घाताकडं येतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिल्याच धड्यात एककं आणि मापन येतं, आणि लातूरला नीटच्या तयारीला आलेलं लेकरू तिथंच पहिल्यांदा अडखळतं. (घातांक इथं वर लिहिता येत नाही, म्हणून शब्दांत लिहितोय.) ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हे त्याला परग्रहावरचं वाटतं. मी अशा मुलांना एकच प्रश्न विचारतो : "दीड लाख कसं लिहिशील?" मग सांगतो, बाळा, तू आत्ता जे बोललास तेच वैज्ञानिक लेखन. आधी एक ते दहामधली संख्या, दीड. मग दहाचा घात, लाख, म्हणजे पाचवा. १.५ गुणिले १० चा ५ वा घात. सव्वा कोटी म्हणजे १.२५ गुणिले १० चा ७ वा घात. अडीच अब्ज, नववा घात. आपली आजी बाजारात हेच बोलायची, फक्त घात अंकात लिहीत नव्हती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, सुरुवातीलाच कवड्यांपासून निष्कापर्यंत आणि यवापासून योजनापर्यंत मापांची कोष्टकं आहेत, आणि पाठोपाठ एक, दहा, शंभर करत परार्धापर्यंत नावं. परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. प्रत्येक घाताला स्वतंत्र नाव असलेली भाषा आपल्याकडं होती, आणि आपलीच मुलं घातांकाला भितात.

भीतीचं एक कारण मात्र खरं आहे. आपली नावं शंभरपटीनं चढतात : हजार, लाख, कोटी, अब्ज. मेट्रिकची हजारपटीनं : किलो, मेगा, गिगा. दोन शिड्यांच्या पायऱ्या जुळत नाहीत. त्या जुळवायला 'दशलक्ष' घ्यावा लागतो, आणि म्हणून पाटबंधारे खात्यात 'दलघमी' आहे, दशलक्ष घनमीटर. आता पाण्याचा सगळा कारभार बघा. साठा दलघमीत, बातमी टीएमसीत म्हणजे हजार दशलक्ष घनफुटांत, विसर्ग क्युसेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनफूट, नांदेडच्या पुलापाशी गोदावरीची पातळी मीटरमध्ये, आणि टँकर लिटरमध्ये. १९६२ मध्ये मिरचीच्या दुकानातून फूट-पौंड हाकलले, पण धरणावरून अजून हाकलता आले नाहीत. जायकवाडी २९०९ दलघमी आणि १०२ टीएमसी ही दोन वेगळी धरणं आहेत असं वाटणारा माणूस मला भेटलाय, आणि तो चांगला शिकलेला होता.

२०१६ चा उन्हाळा आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या, २५ लाख लिटर. आकडा केवढा वाटला तेव्हा! आता घातांत मांडू. २५ लाख लिटर म्हणजे २.५ गुणिले १० चा ६ वा घात. एक दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर, आणि एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणजे १० चा ९ वा घात लिटर. अशा शंभर पूर्ण खेपा धरल्या तरी पाव दलघमी पाणी. मांजरा धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दलघमी. आणि शहराची लोकसंख्या २०११ च्या गणनेत पावणेचार लाखांच्या पुढं, म्हणजे पन्नास वाघिणींची एक खेप माणशी साडेसहा लिटर, अर्धी घागर. त्या रेल्वेनं लातूरकरांचा जीव वाचवला, त्याबद्दल मिरजेचे उपकारच आहेत. पण रेल्वे आली म्हणून पाण्याचा प्रश्न मिटला असं त्या वेळी जे वातावरण झालं, ते या गणितात टिकत नाही. हे गणित आठवीच्या घातांकाचं आहे. तेव्हा ते कुणी फळ्यावर मांडलं असतं, तर लोकांनी टाळ्या वाजवून झाल्यावर धरणातल्या उसाबद्दलही प्रश्न विचारले असते.

पुराचंही तेच. वरून एक लाख क्युसेक सोडलं असं ऐकलं की नांदेडला नदीकाठच्या वस्त्यांत धावपळ होते. लाख क्युसेक चोवीस तास चाललं तर साडेआठ टीएमसीच्या पुढं पाणी जातं, म्हणजे जवळपास २४५ दलघमी. अख्खं मांजरा धरण एका दिवसात पुलाखालून वाहून गेल्यासारखं. असं सांगितलं की माणूस सामान हलवतो. नुसता 'लाख' ऐकून हलत नाही, कारण लाख आता कशालाही म्हणतात.

किल्लारीकडं परत यावंच लागतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं विसर्जन करून उशिरा झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली नऊ-दहा हजार जीव गेले. वर्तमानपत्रांत तेव्हा ६.४ छापून आलं होतं, पुढच्या शास्त्रीय लेखांत बहुतेक ठिकाणी ६.२ दिसतं. हा ०.२ चा फरक लोकांना किरकोळ वाटतो. ऊर्जेत तो दुप्पट आहे. आणि गुजरातचा २००१ चा भूज ७.७ धरला तर किल्लारीपेक्षा दीड पायरी वर, ऊर्जा पावणेदोनशेपट. तरीही किल्लारीत एवढी माणसं गेली, कारण भूकंप उथळ होता, पहाटेची वेळ होती आणि घरं तशी होती. आकडा ऊर्जा सांगतो, भिंत किती जाड आणि चिखल कसला हे सांगत नाही.

म्हणून जुलैत नांदेडला धक्का बसला तेव्हा ओळखीच्या दोन शिक्षकांनी आपापल्या वर्गात भिंतीवर पट्टी काढली. ४.५ ची ऊर्जा म्हणजे एक ज्वारीचा दाणा. मग ६.२ चे किती दाणे? मुलांनी साडेतीनशेच्या वर दाणे मोजून वाटीत टाकले. मग एका पोरीनं विचारलं, "सर, भूजचे किती?" हिशेब साठ हजारांच्या पुढं गेला. वाटीत मावेना, म्हणून कुणीतरी पायली आणा म्हणालं. शाळेत पायली कुठली असणार? शेवटी पोषण आहाराच्या खोलीतून तराजू आणला, शंभर दाण्यांचं वजन केलं आणि बाकीचं गुणाकारानं काढलं. उत्तर आलं दीड-दोन किलो ज्वारी. एका दाण्याच्या धक्क्यानं घर हललं होतं, हे मुलांनी घरी जाऊन सांगितलं, आणि त्या रात्री त्यातल्या बऱ्याच घरांत माणसं आत झोपली.